१६२ सामने, एकच संघ: डॉजर्सच्या २०२४ च्या हंगामावरून एमएलबी टीव्हीची पारख

लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा २०२४ चा हंगाम २० मार्चला सोलमध्ये सुरू झाला आणि ३० ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकून संपला. नियमित हंगामात ९८ विजय, ६४ पराभव. पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक सेकंदांची मर्यादा, आल्यापासून सामने आटोपशीर झालेत, तरी २०२४ मध्ये नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी २ तास ३६ मिनिटं होती. १६२ ने गुणलं तर ४२१ तास होतात. नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाला हे सगळं थेट बघणं अशक्य आहे. त्यामुळे एमएलबी टीव्ही या मेजर लीग बेसबॉलचे सामने दाखवणाऱ्या इंटरनेट सेवेची पारख करताना चित्र किती स्वच्छ दिसतं हे मी दुय्यम धरतो (ते स्वच्छच दिसतं). सात महिने एका संघाचा धागा हातातून सुटू न देता ही सेवा साथ देते का, एवढंच महत्त्वाचं.

आधी निकाल सांगतो. तुम्ही तुमच्या संघाच्या प्रसारणक्षेत्राबाहेर राहत असाल, तर यापेक्षा चांगला मार्ग नाही. क्षेत्राच्या आत राहत असाल, तर त्याच संघासाठी हे पैसे भरू नका. दोन्ही टोकं खरी आहेत आणि दोन्हीचं कारण एकच आहे: ब्लॅकआउट, म्हणजे स्थानिक संघाचा सामना थेट न दाखवण्याचा नियम.

प्रत्येक संघाचं एक स्थानिक प्रसारणक्षेत्र असतं आणि तिथले थेट हक्क प्रादेशिक वाहिनीने विकत घेतलेले असतात. डॉजर्सचे स्पेक्ट्रम स्पोर्ट्सनेट एलएकडे आहेत. म्हणून लॉस एंजेलिसमध्ये एमएलबी टीव्हीवर डॉजर्सचा सामना थेट लागत नाही, मग तो घरच्या मैदानावर असो की शिकागोत. सामना संपल्यावर साधारण ९० मिनिटांनी तो संग्रहात येतो. हे क्षेत्र शहरापुरतं असतं अशी अनेकांची समजूत असते आणि तिथेच फसगत होते. लास व्हेगास गाडीने चार तासांवर, वेगळ्या राज्यात, तरी तिथे डॉजर्स, एंजल्स, पाद्रेज, जायंट्स, ए'ज आणि डायमंडबॅक्स असे सहा संघ बंद. आयोवा राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही, पण तिथेही सहा बंद: कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, रॉयल्स, ट्विन्स आणि ब्रूअर्स. हा नियम प्रेक्षकावर उघड अन्याय करणारा आहे. आयोवातला माणूस पैसे भरून सहा संघांना मुकतो आणि त्यातले काही सामने त्याच्या केबलवरही दिसत नाहीत.

त्यामुळे पैसे भरण्याआधी पहिली पायरी म्हणजे ब्लॅकआउटच्या पानावर आपला झिप कोड (अमेरिकी पिन कोड) टाकून यादी बघणं. दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात: ब्लॅकआउट तुमच्या संघापुरता नसतो, तुमच्या भागातल्या संघालाही तो लागतो. डेन्व्हरमध्ये बसून डॉजर्स बघणाऱ्याला डॉजर्स खुले आहेत, पण रॉकीज स्थानिक, म्हणून रॉकीजशी होणारे डॉजर्सचे सामने बंद. दोघे एकाच डिव्हिजनमध्ये (गटात) आहेत आणि एका डिव्हिजनमधले संघ एकमेकांशी १३ वेळा खेळतात, म्हणजे १६२ पैकी १३ सामने थेट गेले. तोच चाहता न्यूयॉर्कमध्ये असेल तर २०२४ मध्ये मेट्सविरुद्धचे ६ आणि यांकीजविरुद्धचे ३ मिळून ९ गेले. शिवाय २०२४ मध्ये शुक्रवारी ॲपल टीव्ही प्लसने आणि रविवारी रात्री ईएसपीएनने उचललेले सामने एमएलबी टीव्हीवर अमेरिकेत कुठेच थेट लागत नसत. डॉजर्ससारख्या लोकप्रिय संघाच्या वाट्याला असे राष्ट्रीय सामने जास्त येतात. हा हिशेब झिप कोडसह एकदा कागदावर मांडला की नंतर चिडचिड होत नाही.

२०२४ मध्ये सगळ्या संघांचं वर्षाचं पॅकेज १४९.९९ डॉलर आणि एका संघाचं १२९.९९ डॉलर होतं. वीस डॉलर वाचवण्यासाठी एका संघाचं घेऊ नये. सप्टेंबरमध्ये प्लेऑफची (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची) चुरस सुरू झाली की आपल्या संघाइतकेच मागे-पुढे असलेल्या संघांचे सामनेही बघावेसे वाटतात. त्या वर्षी पाद्रेज डॉजर्सच्या मागे लागले होते, तेव्हा त्यांचे सामने न बघता डिव्हिजनची शर्यत समजणं कठीण होतं. टी-मोबाइल या अमेरिकी मोबाइल कंपनीच्या ग्राहकांना हे पॅकेज फुकट मिळतं, फक्त मार्चअखेरीस मोजके दिवस ती खिडकी उघडी असते. ती चुकली की गेली. हंगाम पुढे सरकतो तशी किंमतही उतरते, त्यामुळे जूनमध्ये घेणाऱ्याने मार्चची किंमत मोजायची गरज नाही.

आता वापराकडे. पूर्व किनाऱ्यावरून डॉजर्स बघणाऱ्याची खरी अडचण घड्याळाची असते. घरच्या मैदानावरचे बरेचसे सामने तिथल्या ७:१० ला, म्हणजे पूर्वेच्या १०:१० ला सुरू होतात आणि संपतात मध्यरात्रीनंतर. सामना दुसऱ्या दिवशी बघायचा असेल तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन स्कोअर लपवा. एवढ्याने भागत नाही. फोनवरच्या ॲपच्या सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात, नाहीतर सकाळी उठल्या उठल्या पडद्यावर होमरनची (मैदानाबाहेर गेलेल्या फटक्याची) बातमी. आणि ज्या उपकरणावर खालची वेळेची पट्टी पूर्ण लांबी दाखवते, तिथे साडेतीन तासांचा सामना दिसला की एक्स्ट्रा इनिंग झाल्याचं आधीच कळतं. पट्टीकडे न बघता सुरुवातीपासून लावायचं बटण दाबणं हाच उपाय.

थेट बघतानाही एक सावधगिरी हवी. गेमडे नावाची चेंडूगणिक माहितीची सोय चित्राच्या बरीच पुढे धावते. शेजारी लॅपटॉपवर ते उघडं ठेवलं तर पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) हात उचलायच्या आधीच तिकडे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) लिहून आलेला असतो. गेमडे हवंच असेल तर दोन इनिंगच्या मधल्या वेळात उघडा. कोणता चेंडू किती वेगाने टाकला आणि स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या ग्राह्य चौकटीच्या) कुठल्या कोपऱ्यात पडला, हे तेव्हा निवांत वाचता येतं.

या सेवेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे प्रसारण निवडण्याची मुभा. दोन्ही संघांच्या वाहिन्या मिळतात आणि ज्या उपकरणांवर सोय आहे तिथे चित्राखाली रेडिओचा आवाज लावता येतो. डॉजर्सच्या वाहिनीवर जो डेव्हिससोबत ओरेल हर्शायझर असतो. १९८८ मध्ये सलग ५९ इनिंग धाव न देणारा हा पिचर चेंडूच्या पकडीबद्दल आणि पुढचा चेंडू कुठे टाकायचा याबद्दल बोलतो, तेव्हा कान देऊन ऐकावं. मात्र मालिकेतला एखादा सामना मुद्दाम समोरच्या संघाच्या वाहिनीवर लावा. त्यांचा पिचर एप्रिलपासून काय बदलत आलाय, त्याचा खांदा कधी दुखावला होता, हे त्यांच्या समालोचकांना तोंडपाठ असतं आणि आपल्या वाहिनीवर त्यातलं क्वचितच येतं. रेडिओच्या आवाजाला ब्लॅकआउट लागत नाही, त्यामुळे क्षेत्राच्या आत राहणाऱ्याला ऑडिओचं स्वस्त पॅकेज पुरतं.

संक्षिप्त सामन्याबद्दल, म्हणजे ज्याला सगळे कंडेन्स्ड गेम म्हणतात त्याबद्दल, जरा सविस्तर सांगायला हवं. दहा-बारा मिनिटांत पूर्ण सामना दिसतो. धावा, झेल, महत्त्वाचे आउट सगळं येतं. हंगामातले शंभर सामने असे बघितले तरी वीस तासांच्या आसपास भागतं, आणि बहुतेकांनी तेच करावं. पण त्यात साधारण प्रत्येक बॅटरचा शेवटचा चेंडूच दिसतो, त्याआधीची झटापट कापलेली असते. पिचर थकत चाललाय, फाउलमागून फाउल (रेषेबाहेरचे फटके) जातायत, कॅचर तिसऱ्यांदा खूण बदलतोय, यातलं काही कळत नाही. धावा दिसतात, त्या का झाल्या ते दिसत नाही.

वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याची दहावी इनिंग घ्या. यांकीज ३-२ ने पुढे, डॉजर्सचे दोन बेसवर, एक आउट. यांकीजचा नेस्टर कोर्टेस १८ सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच पिचिंगला आलेला. पहिल्याच चेंडूवर डॉजर्सच्या ओटानीचा उंच फटका डावीकडे फाउल भागात गेला. यांकीजच्या व्हर्डूगोने धावत जाऊन झेल घेतला, पण तोल जाऊन तो कठड्यावरून प्रेक्षकांत कोसळला. झेल ग्राह्य, ओटानी आउट. मात्र क्षेत्ररक्षक चेंडूसह मैदानाबाहेर पडला की नियमाप्रमाणे धावकांना एकेक बेस मिळतो. धावक दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर गेले आणि पहिला बेस मोकळा पडला. म्हणून डॉजर्सच्या बेट्सला मुद्दाम वॉक (फटका न मारता पहिला बेस) देण्यात आला. २०१७ पासून त्यासाठी चेंडू टाकावा लागत नाही, डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) खूण केली की झालं. पुढच्याच चेंडूवर डॉजर्सच्या फ्रीमनने वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला पहिला वॉक-ऑफ ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना सामना तिथेच संपवणारा होमरन) मारला. ६-३. फटक्याची चित्रफीत हजारदा बघून झालेली असते, पण बेस भरले कसे ही साखळी पूर्ण सामन्याच्या त्या चार-पाच मिनिटांत आहे. म्हणून संग्रहातून दहावी इनिंग निवडून पूर्ण बघायची.

हंगामाच्या पहिल्याच दिवसाने हीच गोष्ट दाखवली होती. सोलमध्ये आठव्या इनिंगला गॅव्हिन लक्सचा साधा जमिनीवरचा फटका पाद्रेजच्या क्रोनेनवर्थच्या ग्लव्हकडे गेला आणि जाळीची वादी सुटून चेंडू आरपार निघाला. डॉजर्सना आघाडी मिळाली, पुढे सामना ५-२ ने जिंकला. थेट चित्रात ते नुसतं हुकलेलं क्षेत्ररक्षण वाटतं. चेंडू जाळीतून गेलाय हे जवळच्या कोनातून, मागे घेऊन, हळू गतीत बघितल्यावरच लक्षात येतं. मागे घेण्याची सोय इथे चांगली चालते. दहा सेकंदांच्या उड्या घेता येतात, त्या भरपूर वापरा.

मग कोणते सामने पूर्ण बघायचे? मोठ्या फरकाने जिंकलेले सोडून द्यायचे, असा ढोबळ नियम मी लावणार नाही. १९ सप्टेंबरचा मायामीतला सामना २०-४ असा एकतर्फी होता, पण त्यातच ओटानीने सहापैकी सहा हिट, तीन होमरन, दोन चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) आणि १० आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा) करून पन्नास होमरन व पन्नास चोरलेल्या बेसचा पहिलावहिला टप्पा ओलांडला. पूर्ण बघायचे सामने म्हणजे पिचिंगची घडी विस्कटते आणि पुन्हा बसते ते. डॉजर्सचा पिचर यामामोतो १५ जूनला दोन इनिंगनंतर बाहेर गेला तो, आणि १० सप्टेंबरला परतला तो. दुसऱ्याच दिवशी, १६ जूनला, बेट्सचा डावा हात चेंडू लागून मोडला. त्यानंतर ओटानी पहिल्या क्रमांकावर आला आणि फलंदाजीचा सगळा क्रम बदलला, म्हणून तो आठवडाही. पिचर ग्लॅसनो ११ ऑगस्टनंतर खेळलाच नाही. हे बघितलेल्या माणसाला ऑक्टोबरमध्ये यामामोतो, फ्लॅहर्टी आणि ब्यूलर एवढेच तीन स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) घेऊन संघ का उतरला आणि पाद्रेजविरुद्ध चौथा सामना अख्खा बुलपेनवर (राखीव पिचरवर) का काढला, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तो सामना ८-० ने जिंकला, तेव्हा दर इनिंगला बुलपेनमधून कोण उठतंय हे बघण्यातच खरी मजा होती.

चार सामने एका पडद्यावर लावायची सोय सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याशिवाय फारशी उपयोगाची नाही. एका वेळी एकच आवाज ऐकू येतो आणि लहान चौकटीत चेंडूचं वळण दिसत नाही.

ऑक्टोबरचा मोठा खड्डा लक्षात ठेवा. अमेरिकेत प्लेऑफचे सामने थेट बघायला केबल किंवा तत्सम सेवेचं लॉगिन लागतं, नुसतं एमएलबी टीव्हीचं वर्गणीपत्र चालत नाही. सात महिने पैसे भरून ऐन मोक्याला दार बंद होतं, ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव. सामने संपल्यावर संग्रहात येतात, आणि तिथे रेडिओचा आवाज लावून वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना बघा. पाचव्या इनिंगमध्ये यांकीजच्या जजच्या हातून सुटलेला झेल, व्होल्पेची चुकलेली फेक, आणि बेट्सच्या फटक्यावर पहिल्या बेसकडे न धावलेला पिचर कोल. ५-० चे ५-५ झाले आणि त्या पाचांतली एकही धाव कोलच्या खात्यावर अर्न्ड (क्षेत्ररक्षणाच्या चुकीशिवाय आलेली) म्हणून लागली नाही.

वर्ल्ड सिरीज झाल्यावर खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करा. संग्रह हिवाळाभर बघता येतो. ते चालू राहिलं तर नवा हंगाम सुरू व्हायच्या सुमारास कार्डावरून पूर्ण किंमत वळती होते, आणि तोवर तुमचा झिप कोड बदललेला असू शकतो.