विद्यार्थी मायक्रोस्कोप काही महिने वापरल्यावर: जिवंत पेशी खरंच दिसतात का?

दिसतात. पण खोक्यावर छापलेल्या आकड्यांमुळे नाही.

हा अनुभव अंबाला बनावटीच्या साध्या, एका नळीच्या कंपाउंड मायक्रोस्कोपचा. ४, १०, ४० आणि १०० एक्सची (म्हणजे तितक्या पटींची) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडजवळच्या लेन्स, डोळ्याजवळचा १० एक्सचा आयपीस, खाली एलईडी, प्रकाश स्लाइडवर एकवटणारा, वर-खाली होणारा कंडेन्सर आणि त्यात आयरिस डायफ्राम, म्हणजे प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी झडप. शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर घेऊच नका. स्वस्त मॉडेलात त्यांच्या जागी भोकांची चकती असते. रंगवलेली तयार स्लाइड तिच्यावरही बरी दिसते, पण बिनरंगाची जिवंत पेशी प्रकाशात विरून जाते.

सोबत २५ एक्सचा आयपीस देऊन ‘२५०० पट’ (२५ गुणिले १००) अशी जाहिरात करतात, ती सोडून द्या. ४० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर ०.६५ हा आकडा कोरलेला असतो, ते न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचं माप. त्याच्या हजारपट, म्हणजे ६५० पटीपर्यंतच मोठं करण्यात अर्थ आहे. त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते. हिरव्या प्रकाशात ही लेन्स साधारण अर्ध्या मायक्रोमीटरवरचे दोन बिंदू वेगळे दाखवते. हरितलवक ५ मायक्रोमीटरच्या आसपास असतं, म्हणून ठसठशीत दिसतं. रायबोसोम २५-३० नॅनोमीटरचा, तो इथे दिसणं शक्य नाही. मायटोकाँड्रियाच्या आतल्या घड्या पुस्तकात दिसतात त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या, आणि तिथले रंग मागाहून भरलेले.

पैसे वसूल होतात ते हायड्रिलावर. तलावात किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी ही पाणवनस्पती. शेंड्याजवळचं कोवळं पान अख्खं तोडायचं, ती ज्या पाण्यात होती त्याच पाण्याच्या थेंबात ठेवायचं, वर कव्हरस्लिप, आणि स्लाइड दिव्याच्या उजेडात १०-१५ मिनिटं तशीच सोडायची. ही वाट पाहणं टाळलं तर बहुतेक वेळा सगळं थिजलेलं दिसतं. मग १० एक्सवर पानाची मधली शीर शोधा, तिच्या लगतच्या लांबट पेशी ४० एक्सवर घ्या. हरितलवकं भिंतीच्या कडेकडेने ओळीने सरकताना दिसतील, कोपऱ्यावर वळतील, परत येतील. ती स्वतः पोहत नाहीत. ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरून मायोसिन हे दुसरं प्रथिन चालतं आणि त्या ओढीने पेशीद्रव्य वाहतं, त्यासोबत ती जातात. इटलीच्या बोनाव्हेंतुरा कोर्तीने हा प्रवाह १७७४ मध्ये नोंदवला, मायोसिनचं नावही कुणाला माहीत नसताना! पान दोन थरांचं असतं, म्हणून वरची पेशी आणि खालची पेशी एकमेकींवर दिसून दिशेचा घोळ होतो. बारीक फोकसचं चाक अगदी थोडं फिरवून एकच थर धरा. पाणी वाळू लागलं की गती मंदावते. कडेला ड्रॉपरने थेंब सोडा, किंवा सुरुवातीलाच कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलिनने बंद करा.

दुसरा नंबर रिओचा, कुंडीतली ती जांभळ्या पोटाची पानं. पान तिरकं फाडलं की खालचा जांभळा पापुद्रा सुटतो. तो पाण्यात बसवा. मग एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळी रिक्तिका (पेशीतली रसाची पिशवी) आकसते आणि प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, भिंतीपासून सुटतं. लगेच साधं पाणी ओढलं तर पेशी पुन्हा भरते; फार वेळ मिठात राहिली तर मरते. इथे एक धोका आहे. ४० एक्सची लेन्स स्लाइडपासून अर्धा-पाऊण मिलिमीटरवरच असते, खारं पाणी तिला लागतं आणि वाळून स्फटिक होतात. आधी डिस्टिल्ड पाण्याने ओल्या केलेल्या लेन्स पेपरने टिपा. कोरडं पुसलं तर चरे पडतील.

कांद्याचा पापुद्रा सगळे आयोडीनमध्ये बघतात. केंद्रक उठून दिसतं, पण पेशी मेलेली असते. एकदा आयोडीनशिवाय बघा: कंडेन्सर पूर्ण वर, आयरिस निम्म्याहून जास्त बंद. केंद्रकापासून निघालेले पेशीद्रव्याचे बारीक धागे आणि त्यांतून धावणारे कण दिसतात. आयरिस आणखी बंद केली की मात्र प्रत्येक कणाभोवती कडी उमटतात. ती प्रकाशाची करामत, पेशीचा भाग नव्हे. ऑनलाइन टाकलेल्या कित्येक ‘शोधां’चं मूळ या कड्यांत असतं.

मोबाइलने व्हिडिओ घेताना एलईडी मंद केला तर आडवे काळे पट्टे सरकतात, कारण बऱ्याच यंत्रांत डिमर दिवा वेगाने चालू-बंद करतो. दिवा पूर्ण लावा आणि वाटेत ट्रेसिंग पेपरचा तुकडा ठेवा.

१०० एक्सची लेन्स तिच्या आणि स्लाइडच्या मध्ये घालायच्या खास तेलाशिवाय निरुपयोगी, आणि तेल लावून झाल्यावर ४० एक्स त्यावरून फिरवला की तोही बरबटतो. बॅक्टेरिया बघायचे नसतील तर ती न घेतलेली बरी. त्या पैशांत चांगल्या ०.१७ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपा घ्या.

पावसाळा हा खरा शत्रू. कोकणात तर नुसतं प्लास्टिकचं आवरण घालून ठेवलेल्या यंत्राच्या लेन्सवर बुरशीचे धागे उगवतात, आणि जुनी बुरशी काच कायमची कोरते. ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलसोबत ठेवा. जेल गुलाबी झालं की गरम करून वाळवा. नळीच्या उघड्या तोंडांना टोपणं लावायला विसरू नका.