जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी: उपचार उत्तम, पण माणसं टिकायला हवीत

आमचा मुलगा आठव्या महिन्यातच झाला. मान उशिरा धरली आणि लंगोट बदलताना पायांची कात्री सुटायची नाही. ‘मुलगे जरा उशिराच करतात सगळं,’ असं जो तो म्हणायचा. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टर मॅडमनी मात्र पाय हातात धरताच डीईआयसीची, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, चिठ्ठी लिहून दिली.

हे पथक आणि हे केंद्र दोन्ही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेला हा कार्यक्रम. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, केंद्र सरकारचे ६० टक्के, राज्याचे ४०. आमच्याकडून उपचाराचा एक रुपया कुणी मागितला नाही.

फिजिओथेरपीच्या ताईंना पैकीच्या पैकी गुण. त्या नुसता व्यायाम देऊन पाठवत नाहीत, घरच्यांकडून करून घेतात. बाळाच्या छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि खुळखुळा समोर वाजवायचा, म्हणजे ते मान वर करतं. दोन्ही पाय जुळवून उचलायचं नाही, कडेवर घ्यायचं, एक पाय आपल्या पोटाकडे, एक पाठीकडे. त्यानं मांड्या आपोआप मोकळ्या होतात. सासूबाईंनाही त्यांनी उभं करून हे दाखवलं. आता घरात, शेजारी, कुणीही त्याला तसंच घेतं. आज तो आधाराशिवाय बसतो.

गुण कापते ते वाचा उपचारासाठी. तिथल्या ताई कंत्राटी होत्या, सोडून गेल्या आणि जागा कित्येक महिने भरलीच नाही. मूल शब्द जुळवायला लागतं नेमक्या त्या वयात खोलीला कुलूप! बाहेर एका वेळचे पाचशे रुपये मोजावे लागतात. गावाकडून एसटीनं येणाऱ्या आया तर हे ऐकून तशाच परत जातात. नवी इमारत, रंगीत भिंती नंतर करा, आधी या लोकांना कायम करा आणि पगार वेळेवर द्या. मेंदूची वाढ निविदेसाठी थांबत नाही.

जाणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा, बाळाचं पोट भरलेलं असू द्या, पण अगदी आत्ताच पाजलेलं नको. नवजात कक्षाचं डिस्चार्ज कार्ड नक्की न्या. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं हे ते आधी बघतात, कारण बाळ जितके आठवडे लवकर झालं, तितके त्याचं वय तपासताना वजा करतात.