व्हिक्टोरिया बॅटरी, वायकिनो (न्यूझीलंड): टूर घेतल्याशिवाय येऊ नका

ऑकलंडहून वायहीकडे जाताना पाएरोआच्या पुढे वायकिनो लागतं, तिथे हा दगड कुटून त्यातलं सोनं काढायचा जुना कारखाना (बॅटरी म्हणजे इथे दगड कुटणाऱ्या यंत्रांची रांग). 1952 ला बंद झाला, आता काँक्रीटचे पाये आणि भट्ट्याच उरल्यात, पण व्हॉलंटियर मंडळी छोटी ट्रॅम चालवतात आणि सगळं फिरवून दाखवतात. एकटेच हिंडलात तर पडक्या भिंती बघून परत याल, टूर घ्याच.

वायहीच्या मार्था खाणीतला दगड इथे रेल्वेने यायचा. सुरुवातीला लाकडाचे थर देऊन भट्टीत भाजायचे आणि मग 200 स्टँप, म्हणजे लोखंडी मुसळंच, दिवसाला 800 टनांच्या वर दगड कुटायची. आजूबाजूला राहणाऱ्यांना झोप कशी लागत असेल देव जाणे!

पण खरी मजा सायनाइडच्या टाक्यांपाशी. इथलं सोनं इतकं बारीक की पाऱ्याने धरायला गेलं तर बराचसा माल निसटायचा. 1887 मधे ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि दोनच वर्षांनी खाणीवरची पहिली चाचणी इथून जवळ करंगाहाकेला क्राउन खाणीत झाली, हे मला इथे येईपर्यंत माहीतच नव्हतं. पद्धत ऐकायला सोपी आहे, दगडाचं पीठ टाकीत घालायचं, त्यात एकदम पातळ सायनाइडचं पाणी, हवा खेळती पाहिजे कारण ऑक्सिजन नसेल तर सोनं विरघळतच नाही, आणि चुना विसरलात तर विषारी गॅस सुटतो. मग गाळलेलं पाणी जस्ताच्या किसातून सोडलं की सोनं-चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. तो काळा चिखल वितळवला की वीट तयार.

आमच्या विट्याकडे गलाईवाले ॲसिड वापरून सोनं शुद्ध करतात, ते लहानपणापासून बघितलंय त्यामुळे मी जरा जास्तच रमलो, बायको मात्र ट्रॅमवर खूश.

एक गोष्ट गाइडला आवर्जून विचारा, सोनं काढून घेतल्यावर उरलेला दगडाच्या पिठाचा चिखल कुठे गेला? शेजारच्या ओहिनेमुरी नदीत! 1895 मधे सरकारनेच नदीला गाळ सोडायचा अधिकृत नाला ठरवून टाकलं होतं, आणि खाली पाएरोआकडच्या लोकांनी तो भोगला. आज तिथलं पाणी आणि झाडी बघून खरं वाटत नाही.

लहान मुलांना केमिस्ट्री झेपणार नाही पण ट्रॅम आणि म्युझियम आवडेल. बूट चांगले घाला, जमीन सगळीकडे सपाट नाही. रोज चालू नसतं हां, निघायच्या आधी वार आणि वेळ बघून घ्या. गाडी वायकिनो स्टेशनपाशी लावून पूल ओलांडून चालत जाता येतं, आणि वेळ असेल तर करंगाहाके घळीतला वॉकही त्याच दिवशी उरकतो. माझ्याकडून साडेचार स्टार.