१८९७ चा गाठीचा ताप: रुग्ण घरात, इस्पितळात की माळावर?

प्लेगच्या काळातल्या मुंबई-पुण्यावर नाटक किंवा कादंबरी लिहायला घेतली की पहिला पेच पडतो: जांघेत किंवा काखेत प्लेगची गाठ आलेल्या माणसाला घरच्यांनी ठेवायचं कुठे?

पुण्यात मार्च १८९७ पासून प्लेग समितीचा प्रमुख असलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालचे सोल्जर घरोघर झडती घेऊ लागले. रुग्णाला आतल्या अंधाऱ्या खोलीत, धान्याच्या कणगीआड लपवलं जाई. घात तिथेच होता. प्लेगने उंदीर मरून गार पडला की रोग वाहणाऱ्या पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात, म्हणजे खरी भीती रुग्णापेक्षा त्या खोलीची. (पिसवांचं हे काम फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये शोधलं. १८९७ च्या पात्राच्या तोंडी ते घालू नका.)

इस्पितळाची धास्ती मोठी. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. लपवलेला रुग्ण अगदी शेवटच्या घटकेला तिथे पोचे, म्हणून मरणारेही तिथेच जास्त दिसत. पुढे मुंबईत जातवार इस्पितळं निघाली, पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी काढलं. परजातीच्या हातच्या अन्नपाण्याची अडचण त्याने बरीच सुटली. हवेशीर वॉर्डात गाठीच्या रुग्णाची सेवा करणाऱ्याला लागण क्वचितच होई, तेव्हा प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याला मारू नका. फुफ्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून थेट पसरतो.

उंदरांच्या त्या खोलीपासून दूर म्हणून गावाबाहेरची जागा आम्हाला सर्वांत बरी वाटते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांचा दवाखाना पुण्याबाहेर माळावरच होता. रुग्णांना स्वतः उचलून आणणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या.

सेवा तिन्हीकडे सारखीच, कारण रोग बरा करणारं औषधच नव्हतं. हाफकिन यांची लस होती, पण ती निरोग्यांसाठी. कुटलेलं जवस उकळत्या पाण्यात घोटून घट्ट लगदा करायचा, फडक्यावर बोटभर जाड पसरायचा, चटका बसत नाही हे स्वतःच्या मनगटावर पाहून गाठीवर बांधायचा आणि गार झाला की बदलायचा. कच्ची गाठ कापायची नाही. पेज, दूध चमच्याचमच्याने. वातात, म्हणजे तापाच्या भ्रमात, रुग्ण उठून पळू पाहतो, म्हणून रात्री उशाशी जागं माणूस हवंच. ताप उतरल्यावरही त्याला आडवाच ठेवायचा: हृदय इतकं थकलेलं असतं की पाणी प्यायला म्हणून एकदम उठून बसलेला माणूस तिथल्या तिथे जाऊ शकतो.