वाढत्या अंगाचे बाण आणि माझे २२,१८० रुपये

मी सातारा जिल्ह्यातील एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून नोकरी करतो. मायक्रोमीटर लावल्याखेरीज मी साधा बुशही पुढे सोडत नाही. त्याच मी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी १२ बाण घेताना एकही माप न घेता २२,१८० रुपये मोजले. हे लिहिताना मान खाली जाते, पण आमच्या मैदानावरील आणखी दोन पालक ते बाण विकणाऱ्या त्याच माणसाशी बोलणी करत असल्याचे कळले, म्हणून लिहितो आहे.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत साताऱ्यात सराव करणारे अदिती स्वामी आणि ओजस देवतळे एकाच दिवशी विश्वविजेते झाले. तेव्हापासून आमच्या भागात मुलांना धनुर्विद्येला घालणाऱ्या पालकांची संख्या वाढली आणि त्यांच्या मागोमाग हे विक्रेतेही आले. आमचा विक्रेता पालकांच्या व्हॉट्सॲप गटातून आला. ‘स्पर्धेच्या ठिकाणी आपला स्टॉल असतो, साहेब,’ असे तो म्हणाला आणि तो स्टॉल कोणी पाहिला आहे का, हे मी कोणालाही विचारले नाही.

मुलीच्या प्रशिक्षकांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिले होते: रिकर्व्ह (टोकांना बाहेर वळलेले धनुष्य), बोटांवर २६ पौंड (दोरी खेचायला लागणारा जोर), स्पाईन (बाण किती वाकतो त्याचा आकडा) ९००, लांबी २७ इंच. विक्रेत्याला मी चिठ्ठीचा फोटो पाठवला. त्यावर त्याने मुलीची ड्रॉ लेन्थ, म्हणजे दोरी खेचण्याची लांबी, विचारली नाही, पुढच्या टोकाचे वजन विचारले नाही, ‘बजेट किती?’ एवढेच विचारले, आणि मी ते मोठ्या ऐटीत सांगितले. जो माणूस धनुष्याचे पौंड आणि खेचण्याची लांबी विचारण्याआधी बजेट विचारतो, त्याचा फोन तिथेच ठेवून द्यावा.

पण मला खरी टोचणी आहे ती पुढच्या पाच मिनिटांची. तो म्हणाला, ‘साहेब, ९०० शिल्लक नाहीत. ६०० घ्या. नंबर कमी म्हणजे बाण नरम, पोरीच्या हाताला सोपा. आणि पूर्ण लांबीचेच ठेवा, कापू नका, पोरगी वाढेल तेव्हाही चालतील.’ फोन स्पीकरवर होता. शेजारी बसलेली मुलगी हळूच म्हणाली, ‘बाबा, ते उलटं सांगतायत. नंबर वाढला की बाण जास्त वाकतो.’ आणि मी तिला गप्प केले! मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये, असे वर ऐकवलेही. बाण विकणाऱ्याला स्पाईनचा अर्थ ठाऊक नाही, हे तेरा वर्षांच्या मुलीला कळले आणि वीस वर्षे तपासनीस असलेल्या बापाला कळले नाही. माझ्या बाजूने इतकेच म्हणतो की शाळेचा गणवेश, पावसाळी बूट, सायकल हे सगळे आपण वाढत्या अंगाचेच घेत आलो आहोत. त्याने नेमके त्याच सवयीवर बोट ठेवले. बाण मात्र वाढत्या अंगाचा घेता येत नाही, तो आजच्या हाताला आणि आजच्या धनुष्यालाच जुळावा लागतो.

किंमत ठरली १८,६०० रुपये. ५,००० आगाऊ दिले, पार्सलचा फोटो आल्यावर १३,६०० दिले, आणि ‘कुरिअर व विमा’ म्हणून १,१८० वेगळे दिले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाच्या नावाऐवजी एका बाईंचे नाव आले. त्याला विचारले, तर ‘घरचंच खातं आहे’ असे उत्तर मिळाले. बिल म्हणून हाताने लिहिलेला कागद आला, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता.

बाण दिसायला देखणे होते. नामांकित परदेशी कंपनीची अक्षरे, रंगीत पिसे, सगळे काही होते. तीस मीटरवर मात्र ते डावीकडे जाऊ लागले, आणि तेही एका जागी नव्हे, विखरून. उजव्या हाताच्या नेमबाजाचा बाण गरजेपेक्षा ताठ असला की तो डावीकडे पडतो, हे आता मला पाठ झाले आहे. तेव्हा मात्र तीन आठवडे आम्ही मुलीचा हात, खांदा आणि उभे राहणे सुधारत बसलो. ती रडली, मी रागावलो, आणि दोष बाणांचा होता.

शेवटी प्रशिक्षकांनी एक बाण बोटांत धरून हलका बाक दिला, कानाशी नेला आणि बाजूला ठेवला. आतून चिरकल्याचा आवाज येत होता. तडा गेलेला कार्बनचा बाण सोडताना फुटला, तर त्याच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. पैसे गेले हे मी एक वेळ सोसेन. हे सोसणार नाही. प्रत्येक सरावाआधी प्रत्येक बाण असा वाकवून, ऐकून पाहा.

मग मी ते काम केले जे पहिल्या दिवशी करायला हवे होते. बाण पूर्ण लांबीचे असल्याने २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवता आले. स्पाईन मोजतात तसे मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगले. स्पाईन ६०० म्हणजे बाण इंचाच्या सहाशे हजारांश, अर्थात सुमारे १५.२ मिलिमीटर वाकायला हवा. माझ्याकडचा सर्वांत ताठ बाण ११.६ मिलिमीटर वाकला आणि सर्वांत लवचिक १९.१. सोनाराच्या काट्यावर वजने १९.४ ग्रॅमपासून २२.१ ग्रॅमपर्यंत निघाली. म्हणजे एकाच संचात जवळजवळ ४२ ग्रेनचा (बाणांचे वजन ग्रेनमध्ये मोजतात) फरक. दोन बाण सपाट काचेवर सरळ घरंगळतही नव्हते. छापलेला ६०० हा आकडा निव्वळ शोभेचा होता.

तक्रार केल्यावर विक्रेता गोड बोलला, बदलून देण्याचे २,४०० रुपये मागितले, आणि मी तेही दिले. (हसा, हरकत नाही.) बाण परत पाठवायला निघालो होतो, तेवढ्यात बायकोने हात धरला, म्हणून निदान पुरावा तरी घरात आहे. दुसऱ्या दिवशी त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘बाण? म्हणजे हत्यार का?’ दुसरा आला, ‘माल तर मिळाला ना? मग ही दिवाणी बाब.’ मी टेकू, वजन आणि फूटपट्टी घेऊन गेलो होतो; पाच मिनिटांत प्रयोग करून दाखवतो म्हणालो, तर टेबलावर जागा नाही असे सांगण्यात आले. तिथून सायबर विभागाकडे पाठवले. त्यांनी रक्कम मी स्वखुशीने पाठवल्याचे नोंदवून पुन्हा ठाण्याकडे पाठवले. बँकेने हेच वाक्य इंग्रजीत लिहून दिले. खेळाच्या स्थानिक संघटनेतील पदाधिकारी म्हणाले की ते केवळ स्पर्धा घेतात, साहित्याशी त्यांचा संबंध नाही. मग त्यांच्याच स्पर्धेच्या मांडवात स्टॉल लावतो असे सांगून कोणी विकत असेल, तर त्याची विचारपूस कोणी करायची? ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, हे खरे आहे, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे आहे तो बंद पडलेला मोबाइल क्रमांक. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर मी अकराव्या दिवशी फोन केला. तुम्ही पहिल्या तासात करा. पैसे पुढे सरकण्याआधीच ते अडवता येण्याची शक्यता असते.

या खेपांत माझ्या चार अर्ध्या रजा गेल्या. मुलगी सध्या प्रशिक्षकांनी दिलेल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या बाणांवर सराव करते आहे आणि तिचे बाण पुन्हा एका जागी पडू लागले आहेत. ते बारा बाण मी क्रमांक घालून, प्रत्येकाला त्याच्या मापाची चिठ्ठी बांधून, कपाटावर ठेवले आहेत. पंचनाम्याला कोणी आलेले नाही. अर्ज चौकशीवर आहे, असे मला काल चौथ्यांदा सांगण्यात आले.