कातीव पेनाचं किट: कुठलं घ्यावं, कुठलं सोडावं

लेथवर कातलेलं पेन घेणारा आधी लाकूड बघतो. संत्र्याचा पिवळसर रंग, सागाच्या रेघा, तेंदूचा काळा गाभा. सहा महिन्यांनी मात्र त्याला जाणवतं ते किट: फिरवायची कळ, क्लिप, टोक, रिफिल. कळ सैल झाली किंवा मुलामा उडाला, की लाकूड कितीही देखणं असो, पेन ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं.

नागपुरात लाकडाची चिंता नाही. लकडगंजच्या आरामशीनवर सागाचे हातभर तुकडे सहज मिळतात आणि काटोल-नरखेडकडे म्हाताऱ्या संत्र्याच्या बागा काढल्या की खोडं निघतात. किट मात्र बहुतेक तैवान किंवा चीनमध्ये बनलेलं असतं आणि फोटो बघूनच मागवावं लागतं. त्यातही स्लिमलाइन, सिएरा, सिगार ही नावं ढाच्याची आहेत, दर्जाची नाहीत. एकाच नावाचं किट एका विक्रेत्याकडे उत्तम निघतं आणि दुसऱ्याकडे टाकाऊ.

निवड रिफिलपासून सुरू करावी. स्लिमलाइनमध्ये क्रॉस कंपनीच्या पद्धतीची बारीक, मागे आटे असलेली रिफिल लागते. सिएरा आणि सिगारमध्ये पार्कर पद्धतीची लागते, आणि ती सीताबर्डीच्या कुठल्याही बऱ्या स्टेशनरी दुकानात मिळते, साधी आणि जेल दोन्ही. क्रॉसची शोधावी लागते आणि महाग पडते. भेट म्हणून दिलेलं पेन रिफिल संपल्यावर बंद पडू नये असं वाटत असेल, तर पार्करवालंच किट घ्या. किटसोबत आलेली रिफिल कामचलाऊ असते, तिच्यावरून किटची पारख करू नका.

आता लाकडाच्या भिंतीचा हिशेब, कारण नागपूरच्या हवेत सगळ्यात जास्त पेनं इथेच फुटतात. स्लिमलाइनला 7 मिमीचं भोक आणि कडेला तयार जाडी सुमारे 8.4 मिमी. म्हणजे भोकात चिकटवलेल्या किटच्या पितळी नळीवर लाकूड उरतं 0.7 मिमी. सिएराला 27/64 इंची, म्हणजे 10.7 मिमीचं भोक लागतं आणि कडेला भिंत तेवढीच किंवा त्याहूनही पातळ राहते. सिगारला 10 मिमीचं भोक, पण पेन जाड, त्यामुळे लाकूड सव्वा ते दोन मिमी राहतं. पितळ आक्रसत नाही, लाकूड आक्रसतं. श्रावणात ओल धरलेलं लाकूड घाईने कातलं, की एप्रिल-मे मध्ये पारा 45 कडे सरकताना ते नळीभोवती आवळलं जातं आणि रेषेच्या दिशेने उभी चीर जाते. लाकूड जितकं पातळ, तितकी ही चीर लवकर.

उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा. तुकडे कापून भोक पाडून ठेवा, आतूनही हवा लागल्याने ते लवकर वाळतात. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. दोन-तीन आठवडे वजन हललं नाही, की मग नळी चिकटवा. वाळताना भोक लंबगोल होतं, म्हणून चिकटवण्याआधी तोच ड्रिल हाताने पुन्हा फिरवून घ्या. नळीला 150 नंबरचा पॉलिश पेपर मारा. सागात तेल असतं, तेव्हा भोक अॅसिटोनने पुसून घ्या. पातळ इन्स्टंट ग्लूपेक्षा अरल्डाइटसारखा इपॉक्सी बरा, तो सगळीकडे भरतो आणि तितका ठिसूळ नसतो. नळीच्या तोंडाला चिकणमातीची किंवा मेणाची गोळी लावली, तर गोंद आत जात नाही. आत गेलेला एक थेंबसुद्धा जोडणीच्या वेळी कळ वाकडी बसवतो.

सिएराला लागणारा 10.7 मिमीचा ड्रिल साध्या सेटमध्ये येत नाही. इतवारीत लोहा ओळीला सुटा एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल मागा. 10.5 वर भागवू नका, नळी आत जाणार नाही. 11 चा वापरला तर नळी एका बाजूला टेकते आणि भिंत एकीकडे कागदासारखी होते.

पार्सल उघडल्यावर व्हर्नियर कॅलिपर हातात घ्या. नळीचा बाहेरचा व्यास दोन्ही टोकांना मोजा. बुशिंगचा, म्हणजे कातताना लाकडाच्या दोन्ही टोकांना लावायच्या मापाच्या धातूच्या कडीचा, व्यास आणि जिथे लाकूड धातूला भिडतं त्या भागाचा व्यास यांत 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर बुशिंग विसरा आणि धातूच्याच मापाने काता. बुशिंग एका बनावटीचं आणि किट दुसऱ्याचं असलं, की हे हमखास होतं. मग नखाला लागणारी पायरी राहते, ती पॉलिशने जात नाही.

मग टोकाचा भाग बोटांत फिरवून उजेडात बघा. त्यावर बारीक उभी रेघ दिसली, तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग आहे. त्याचे आटे बोथट असतात आणि दाब दिला की तडकतो. लेथवर कातलेल्या पितळी भागावर अशी रेघ नसते आणि हातात तो जड लागतो. क्लिपला चुंबक चिकटलं तर घाबरू नका, क्लिप पोलादाची असणं चांगलंच, तिला उसळी असते. ती दोन-तीन मिमी उचलून सोडा, परत जागेवर टेकली पाहिजे.

मुलाम्यात सगळ्यात जास्त फसगत सोन्याची होते. 24 कॅरेटचा मुलामा चकाकतो, पण मऊ असतो. घामेजलेल्या बोटांखाली, रोजच्या वापरात, टोकाजवळ आधी पितळ डोकावतं. सोनेरीच हवं असेल तर टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा मागा. तो त्याच रंगाचा, पण फार टणक. पांढऱ्यात क्रोम निर्धास्त घ्यावं, ऱ्होडियम त्याहून सरस आणि महाग. काळ्यात दोन जाती आहेत: ब्लॅक टायटॅनियम टिकतं, रंग दिलेलं काळं जोडणीसाठी व्हाइसमध्ये दाबतानाच कडेला टवकतं. ओळखायचं असेल तर क्लिपच्या कडीच्या भोकात आत बघा. तिथे मुलामा पोचला नसेल, तर बाहेरही पातळच आहे.

कळ बसवणं ही स्लिमलाइनची खरी परीक्षा. तिच्यावरच्या खाचेपर्यंत दाबा असं सांगतात, पण स्वस्त किटमध्ये खाच जागेवर नसते. खाच दिसेनाशी होण्याआधी दोन मिमीवर थांबा, रिफिल लावून बघा आणि मग अर्धा-अर्धा मिमी पुढे न्या. जास्त दाबलं गेलं तर कळ मिटल्यावरही रिफिलचं टोक बाहेर राहतं, आणि उलटं ठोकून कळ काढताना लाकूड हमखास जातं. सिएरात हा प्रश्न नाही. तिथे एकच लाकडी नळी, दोनच भाग दाबून बसवायचे, कळ वरच्या धातूच्या भागाला आट्यांनी लागते. नवख्याने सुरुवात सिएरापासून करावी असं आम्ही सांगतो, पण पूर्ण वाळलेल्या, घट्ट रेषेच्या लाकडावरच. त्याला संत्रा फार छान. रोजच्या वापराच्या पेनासाठी मात्र आमची पसंती सिगारलाच.

शाईच्या पेनांच्या किटमध्ये निब ही अर्धी बाजू. योवो किंवा बॉक या जर्मन कंपनीची निब आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर जास्तीचे पैसे द्यावेत. ‘जर्मन निब’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. निब 5 नंबरची की 6 ची ते विचारा. 6 नंबरची बदली निब सहज मिळते. मात्र योवो आणि बॉक यांच्या पूर्ण युनिटचे (निब आणि तिची आट्यांची बैठक) आटे वेगळे असतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं युनिट बसत नाही. कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतली शाई ओढून घेणारी आतली टाकी, आंतरराष्ट्रीय मापाचा असावा.

टोपण तपासायचं राहून जातं, आणि विदर्भातला उन्हाळा ते दाखवून देतो. जोडलेल्या टोपणाच्या उघड्या तोंडाला ओठ लावून फुंका. टोपणाच्या माथ्यावर दाबून बसवलेल्या मण्यापाशी हवा निसटली, तर मे महिन्यात दोन दिवसांत निब कोरडी पडणार. मणी दाबण्याआधी त्याच्या मुळाशी मधमाशीच्या मेणाचा पातळ थर द्या, गळती थांबते. टोपण किती फेऱ्यांत लागतं तेही बघा. दुहेरी-तिहेरी आट्यांचं दीड-दोन फेऱ्यांत लागतं. एकेरी आट्याला चार-पाच फेऱ्या लागतात, आणि सही करायला पेन काढणारा कंटाळतो. पकडायचा भाग गुळगुळीत धातूचा असेल तर घामात घसरतो, राळेचा किंवा प्लॅस्टिकचा असेल तर बरा.

नव्या विक्रेत्याकडून एकदम दहा किट घेऊ नका. दोन घ्या. एक साध्या बाभळीच्या तुकड्यावर पूर्ण जोडा, महिनाभर खिशात किल्ल्यांसोबत ठेवा आणि त्यानेच लिहा. त्याच ऑर्डरमध्ये चार-पाच सुट्या पितळी नळ्याही मागवून ठेवा, कारण लेथवर लाकडाचा टवका उडाला की किट तसंच राहतं आणि नळी तेवढी वाया जाते.