झाडाची रोपं बाटलीतली घ्यावीत की कलमाची?

केळी किंवा जरबेऱ्याच्या टिश्यू कल्चरचा, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत बाटलीत रोपं वाढवण्याचा, अनुभव असला की तोच हिशोब साग, सफरचंद, अक्रोडाला लावायचा मोह होतो. लाकूड धरणाऱ्या झाडांचं गणित वेगळं असतं. निवड करताना मी आधी एवढंच पाहतो, की त्या झाडाच्या छाटाला मुळं सहज फुटतात का.

अंजीर, डाळिंब, द्राक्ष, तुती, पॉप्लर यांना फुटतात. फाटा कापायचा, गरज असेल तर बुडाला आयबीए हे मुळं फुटवणारं संप्रेरक लावायचं, ओलावा सांभाळायचा. मातृवृक्षाच्या गुणांचं रोप तयार. इथे प्रयोगशाळेचा खर्च दोनच कारणांनी पटतो. एक तर नव्या जातीची मोजकीच झाडं हाताशी आहेत, किंवा मातृवृक्षात विषाणू आहे. पहिल्या बाबतीत बाटली खरोखर जिंकते. दर चार आठवड्यांनी एका फुटव्याचे तीन झाले, तर दहा फेऱ्यांत एकाचे ५९,०४९ होतात. अर्थात कागदावर. बुरशी, जिवाणू आणि काचेसारखे पाणचट झालेले फुटवे यात आपला वाटा काढून घेतात.

विषाणूबद्दल मात्र एक गैरसमज घट्ट बसलाय. टिश्यू कल्चरचं रोप आपोआप रोगमुक्त नसतं. पेरावरचा डोळा घेऊन वाढवलं तर विषाणूही सोबत वाढतो. तो काढायचा तर शेंड्याच्या टोकाचा मिलिमीटरहूनही लहान तुकडा घ्यावा लागतो, बरेचदा आधी उष्णतेची प्रक्रिया करावी लागते आणि नंतर तपासणी ही हवीच.

छाटाला मुळं फुटत नसतील तर खुंटावरच्या, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या दुसऱ्या रोपावरच्या, कलमाचा विचार आधी करावा. आंबा हे त्याचं ठळक उदाहरण. बाटलीत तो फार त्रास देतो, पाचर कलमाने मात्र सहज साधतो. शिवाय कलमाची काडी वयात आलेल्या झाडाची असल्याने फळ लवकर धरतं आणि झाडाची उंची किंवा जमिनीतल्या रोगाला तोंड देणं खुंटावर सोपवता येतं. बाटलीतलं रोप स्वतःच्याच मुळांवर उभं असतं. खुंटाचे हे फायदे त्याला नाहीत. म्हणून पीच-बदामाच्या बागांत दोन्हींची सांगड घातलेली दिसते: जीएफ ६७७ हा खुंट प्रयोगशाळेत वाढवायचा आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरायचा. मला ही वाट सर्वांत शहाणपणाची वाटते. लिंबूवर्गात बहुतेक वेळा खुंट प्रयोगशाळेत वाढवायचीही गरज पडत नाही, कारण अनेक खुंटांच्या एकाच बीतून आईसारखीच एकाहून अधिक रोपं उगवतात.

आता बाटलीतली खरी अडचण. म्हाताऱ्या झाडाचा डोळा कापला की त्यातली फिनॉल नावाची रसायनं हवेशी संयोग पावून माध्यम (बाटलीतलं पोषणद्रव्य) तपकिरी-काळं होतं आणि तुकडा मरतो. कोळशाची भुकटी, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल किंवा तुकडा लवकर लवकर नव्या माध्यमात हलवणं, यांनी काहीसा आवर बसतो. वयाचा प्रश्न याहून चिवट. ज्या झाडाचे गुण सिद्ध झालेत ते बहुधा मोठंच असतं, आणि मोठ्या झाडाच्या फुटव्यांना मुळं फुटणं अवघड. मग बुंध्याजवळचे धुमारे घ्या, नाहीतर कोवळ्या खुंटावर पुन्हा पुन्हा कलम करून फांदीला 'तरुण' करा. निलगिरीत तर प्रयोगशाळेचा एक उपयोग हाच: क्लोन (एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती) तरुण करून घ्यायचे आणि पुढची रोपं त्यांच्या छोट्या छाटांपासून करायची.

माध्यमही विचारून घ्या. सर्वत्र चालणारं एमएस माध्यम १९६२ साली तंबाखूच्या ऊतींवर बेतलेलं. त्यात लिटरला १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट असतं, ते अनेक वृक्षांना सोसत नाही. १९८० च्या सुमारास आलेल्या 'वुडी प्लांट मीडियम'मध्ये ते ४०० वर आणलंय. अक्रोडासाठी डीकेडब्ल्यू हे वेगळंच माध्यम आहे. प्रत्येक झाडाला एकच माध्यम वापरणाऱ्या प्रयोगशाळेकडे मी जाणार नाही.

वनीकरण करायचं असेल तर वरचा सगळा खल बाजूला ठेवून बियांची रोपं घ्या. एकाच क्लोनचं रान एका किडीने जाऊ शकतं. बियांतला वेगळेपणा तिथे कामाचा असतो.

बाटलीवरच मन बसलं असेल तर ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. रोपं डोळ्यापासून केलीत की कॅलसमधून, म्हणजे पेशींच्या बेढब गोळ्यातून? तेलताडाच्या कॅलसमधून आलेल्या काही क्लोनांत फुलं विकृत निघाली, आणि ते कळलं झाडं फुलावर आल्यावरच. मातृवृक्ष कोणता, आणि एकाच तुकड्यापासून किती फेऱ्या झाल्यात? आणि रोपं हार्डनिंग झालेली (बाहेरच्या हवेला हळूहळू सरावलेली) मिळणार की बाटलीतून काढलेली? बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर नावापुरता असतो, पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. धुक्याची आणि सावलीची सोय नसेल, तर अशी रोपं काही तासांतच माना टाकतात. तेव्हा हार्डनिंग झालेलीच मागा, महाग पडली तरी.